नाटक कुणासाठी ते आधी ठरवा, अभिनय कसा करायचा ते त्यातनंच ठरतं

सांगलीत वर्षातनं चार-पाच वेळा तरी कॉलेजची पोरं येऊन विचारतात, दादा आम्ही सात-आठ जण आहोत, प्रायोगिक काहीतरी करायचंय, एखादी स्क्रिप्ट सुचवा ना. मी स्क्रिप्ट सुचवत नाही. मी विचारतो कुणासाठी करताय, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं प्रेक्षकांसाठी, नाहीतर स्पर्धेसाठी. आता प्रेक्षक म्हणजे नक्की कोण, त्याचं वय काय, तो दिवसभर काय करून आलाय, खुर्चीत बसलाय का सतरंजीवर, पहाटे उठून डेअरीला दूध घालायला जायचंय का त्याला, हे काहीच माहीत नसताना त्याच्यासमोर कसं उभं राहायचं हे तुम्ही ठरवणार कसं?

म्हणून आमच्या छोट्या ग्रुपमध्ये आम्ही गेली काही वर्षं जे करून बघितलं, जे जमलं आणि जे चुकलं, ते सगळं एकदा लिहून काढतोय. सहा ते आठ माणसं, एक रिकामी खोली, सहा आठवडे, आठवड्यातनं चार संध्याकाळी सात ते नऊ, एवढं असलं की पुरतं. खोली म्हणजे देवळाचा सभामंडप चालतो, शाळेचा वर्ग चालतो, लग्नसराई नसेल तर मंगल कार्यालयवाला ओळखीनं वरचा हॉल देतो. फरशी कोरडी पाहिजे आणि मोबाईल दाराबाहेर पाहिजेत, बाकी अट नाही.

पहिल्या संध्याकाळी फक्त वही

पहिल्या दिवशी कुणी अभिनय करायचा नाही. प्रत्येकानं वहीत एका माणसाचं नाव लिहायचं, खऱ्या, ओळखीच्या, जिवंत माणसाचं, ज्याच्यासाठी आपण हे नाटक करतोय. आणि खाली पाच-सहा ओळीत तो माणूस कसा बघतो, कसा ऐकतो, कशावर हसतो, कशाला घाबरतो ते लिहायचं. सोपं वाटतं पण अर्धा तास कुणी पेन टेकवत नाही. आमच्यातल्या एका पोरानं पहिल्यांदा लिहिलं "समाज", मी म्हटलं समाज तिकीट काढून येत नाही, माणूस येतो, परत लिही. मग त्यानं लिहिलं "आज्जी". आज्जी सांगलवाडीत राहते, तिला ऐकू फार कमी येतं, ती टीव्हीवरच्या मालिका आवाज बंद करून बघते आणि तिला सगळं कळतं, कोण खोटं बोलतंय ते तर आधी कळतं.

त्या पाच ओळींनी आमची सगळी एकांकिका बदलली. आमच्याकडं बावीस पानांची संहिता होती, नुसते संवाद, आणि आम्ही ठरवलं की आज्जीला कळलं पाहिजे. दर तालमीत एकदा सगळी एकांकिका आवाज न करता करायची, आणि जिथं आवाजाशिवाय काहीच कळत नाही तिथं थांबून विचारायचं की इथं खरंच काही घडतंय का आम्ही नुसतं बोलतोय. शेवटी नऊ पानं उरली. जी उरली त्यात एकही वाक्य फुकट नव्हतं आणि बोलणाऱ्याच्या हातापायाला काम होतं.

हेतू बदलला की अभिनय बदलतो ते आपल्याच मातीत बघा

मुलांना वाटतं प्रायोगिक म्हणजे परदेशातनं आलेलं काहीतरी अवघड. आपण ज्या गावात राहतोय तिथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं. कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती, राजेसाहेबांनी, म्हणजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी, तसं काहीतरी मराठीत कर म्हणून सांगितलं आणि ते उभं राहिलं. त्यात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापले संवाद प्रसंग बघून जागेवर बोलायची, राक्षस आला की अललडुर्र करून आरडाओरडा, उड्या, तलवारी. म्हणजे ज्याला आज आपण इम्प्रोव्हायझेशन म्हणून वर्कशॉपची फी भरून शिकतो ते मराठी नाटकाच्या पहिल्या खेळातच होतं. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला भावे नाट्यमंदिरात भाव्यांच्या नावाचं गौरवपदक देतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, पण त्यांची ही गोष्ट आपल्या तालमीत वापरत नाही, मला त्याचं वाईट वाटतं.

पुढं बारा वर्षांनी, १८५५ ला, जोतीराव फुल्यांनी तृतीय रत्न लिहिलं. फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, इथनं फार लांब नाही. कुणबी नवरा-बायकोला जोशी ग्रहाची भीती घालून लुबाडतो अशी ती गोष्ट आहे, पण मधेमधे विदूषक येतो आणि प्रेक्षकाला सांगतो की बघा हे असं चाललंय. गोष्ट मधेच थांबवून बघणाऱ्याला विचार करायला लावायचा, हा हेतू. त्यासाठी रडवून चालत नाही, बघणाऱ्याला थोडं लांब बसवावं लागतं. उलट हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ ला शारदा नाटक आणलं तेव्हा म्हाताऱ्याशी पोरीचं लग्न लावणाऱ्या बापाकडं बघून माणसांना आतनं कालवलं पाहिजे होतं, तिथं ती पोर खरी वाटल्याशिवाय भागणार नव्हतं. आणि नाट्यशास्त्रात तर नाट्याचं काम सांगताना दुःखानं, श्रमानं, शोकानं पिचलेल्यांना विसावा देणारं असं म्हटलंय. श्रमानं, हे मला फार जवळचं वाटतं. मार्केट यार्डात दिवसभर हळदीची पोती वाहिलेला माणूस रात्री तुमच्यासमोर येऊन बसलाय, त्याला विसावा द्यायचाय, त्याला जागं करायचंय का त्याला बोलतं करायचंय? तीन वेगळी कामं आहेत ही, आणि तीन वेगळे अभिनय आहेत. पुढचे आठवडे या तिन्हीची हत्यारं हातात घ्यायला आहेत, सगळी एका नाटकात वापरायला नाहीत.

शरीर: भरलेली घागर

पहिल्या आठवड्यात नाटकाचं नावसुद्धा काढायचं नाही. घरनं एक घागर आणा, पितळेची असली तर उत्तम, पाण्यानं गच्च भरा. एकेकानं ती जमिनीवरनं उचलायची, कमरेवर घ्यायची, खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, ठेवायची. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. पाच वेळा भरलेली, पाच वेळा रिकामी, आणि मग घागरच नाही. तिसऱ्या फेरीत सगळेजण हाताचा गोल बरोबर करतात, कारण हात आपल्याला दिसतो. चुकतं काय ते बघा. भरलेली घागर उचलायच्या आधी माणूस एक श्वास घेतो आणि तो तसाच धरून ठेवतो. पायाची बोटं पसरतात. घागर डाव्या कमरेवर आली की अख्खं अंग उजवीकडं कलतं आणि मान मात्र सरळ राहायला बघते. ठेवताना आधी गुडघा जातो, मग घागर, मग श्वास सुटतो. हे श्वास धरणं आणि बोटं पसरणं जोवर परत येत नाही तोवर घागर खोटीच दिसते, हात कितीही गोल केला तरी.

रशियात स्तानिस्लावस्की, ज्यांनी १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर काढलं, त्यांनी आयुष्याच्या शेवटी शेवटी हेच धरून ठेवलं होतं की भावना ओढून आणता येत नाही, कृती मात्र खरी करता येते आणि ती खरी झाली की भावना आपली आपण मागनं येते. सुरुवातीला नटानं स्वतःला विचारायचा त्यांचा साधा प्रश्न होता, मी या परिस्थितीत असतो तर काय केलं असतं. लक्षात घ्या, मला काय वाटलं असतं असा तो प्रश्न नाही, काय केलं असतं असा आहे.

घागर झाली की बाहेर पडा. मार्केट यार्ड, एसटी स्टँड, सरकारी घाट, मिरजेचं रेल्वे स्टेशन, कुठंही. एक माणूस निवडून तासभर बघायचा, मोबाईलवर शूटिंग करायचं नाही, कारण एकदा कॅमेऱ्यात घेतलं की डोळे काम सोडून देतात. आणि जमलं तर नंतर जाऊन बोला, चहा घ्या, सांगा की नाटकासाठी बघत होतो, चोरून बघितल्यासारखं ठेवू नका. परत आल्यावर तो माणूस करून दाखवायचा, पण नक्कल नको. आमच्यातल्या एकीनं एक हमाल करून दाखवला तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले कारण तिनं चाल बरोबर पकडली होती, मग मी विचारलं पाठीवर पोतं यायच्या आधीच्या क्षणाला तो काय करतो, तर तिला सांगता आलं नाही. ती दुसऱ्या दिवशी परत गेली. आल्यावर म्हणाली, तो मान खाली घालून पाय रोवतो आणि एकदम गप्प होतो, आजूबाजूला कितीही गलका असला तरी. तो गप्प झालेला क्षण तिनं केला तेव्हा कुणी हसलं नाही.

ऐकणं, आणि स्पर्धेचा आवाज घालवणं

आता मला सगळ्यात जास्त ज्याबद्दल लिहायचंय ते हे. आपल्याकडं एकांकिका स्पर्धांनी नाटक जिवंत ठेवलंय, तालुक्यातालुक्यातनं पोरं रंगमंचावर आली ती स्पर्धांमुळं, त्याबद्दल मनात आदर आहे. पण स्पर्धेचा म्हणून एक आवाज तयार झालाय. प्रत्येक वाक्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या शब्दावर जोर, शेवटचा शब्द ओढायचा, रागाच्या वेळी पुढं धावत यायचं, दुःखाच्या वेळी गुडघ्यावर बसायचं. सातवीतल्या पोरापासून ते राज्य नाट्य स्पर्धेला बसलेल्या पन्नाशीच्या माणसापर्यंत तोच आवाज ऐकू येतो, कारण प्रत्येकजण आधीच्या विजेत्याकडं बघून शिकलाय. ज्याला हा आवाज लागलाय तो समोरच्याचं ऐकतच नाही, तो फक्त आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभा असतो.

यावर आम्ही दोन उपाय करतो. एक अमेरिकेतले अभिनय शिकवणारे सॅनफर्ड माइस्नर यांचा. दोघांनी हातभर अंतरावर समोरासमोर बसायचं आणि समोरच्यात जे दिसतंय ते म्हणायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. तुझे केस ओले आहेत. माझे केस ओले आहेत. तुझे केस ओले आहेत. माझे केस ओले आहेत. काही मुद्दाम करायचं नाही, स्वर बदलायचा नाही, तो बदलला तर बदलू द्यायचा. चार-पाच मिनिटं कंटाळा येतो, मग हसू येतं, आणि मग कधीतरी काहीतरी खरं घडायला लागतं. आमच्याकडं दोन मैत्रिणी होत्या, मुख्य भूमिका कुणाला यावरनं त्यांच्यात बोलणं बंद झालं होतं. त्यांना मी समोरासमोर बसवलं. तुझा ड्रेस हिरवा आहे इथनं सुरू झालं आणि सातव्या-आठव्या मिनिटाला एकजण म्हणाली, तू माझ्याकडं बघत नाहीयेस. दुसरी म्हणाली, मी तुझ्याकडं बघत नाहीये. पंधरा-वीस वेळा तेच वाक्य इकडनं तिकडं गेलं, आधी रागानं, मग रडवेलं, मग अगदी हळू, आणि शेवटच्या वेळी ती खरंच वर बघून म्हणाली. तसंच उठून मी त्यांना सीन करायला लावला. संवाद तेच होते पण पहिल्यांदाच वाटलं की दोन माणसं बोलतायत.

दुसरा उपाय आमचा घरचा, तो म्हणजे शेंगा. किलोभर भुईमुगाच्या शेंगा आणायच्या, सुपात ओतायच्या आणि सगळ्यांनी गोल बसून शेंगा सोलत अख्खं नाटक बोलायचं. हात थांबता कामा नये. हात कामात असले की गळ्यातला तो ओढलेला सूर आपोआप जातो, माणूस घरात बोलतो तसा बोलायला लागतो. आणि गंमत म्हणजे काही वाक्यांना हात आपोआप थांबतो. कुणीतरी काहीतरी असं बोलतं की समोरच्याच्या बोटातली शेंग तशीच राहते. ते वाक्य पेन्सिलीनं मार्क करून ठेवा. नाटकातली खरी जड वाक्यं तीच असतात, आणि बऱ्याच वेळा ज्या वाक्यावर तुम्ही गुडघ्यावर बसणार होता ते त्यात नसतं. शेंगा खायला पण होतात, तालमीचा नाश्ता निघतो.

आवाज पोचायचं काय मग, असं विचारतात. पोचतो. रोज दहा मिनिटं ओंकार, मग घाटावर नाहीतर मोकळ्या मैदानात एकानं शंभर पावलं लांब उभं राहायचं आणि न ओरडता त्याला साधी गोष्ट सांगायची. तो ऐकतोय का याकडं लक्ष ठेवलं की आवाज आपोआप लांब जातो.

गोष्ट सांगणारा नट

जिथं प्रेक्षकाला विचार करायला लावायचाय तिथं वेगळं हत्यार. जर्मनीचा नाटककार ब्रेख्त, त्यानं एक साधं उदाहरण घेतलं होतं, रस्त्यावर अपघात झालाय आणि बघणारा माणूस नंतर जमलेल्या लोकांना सांगतोय की काय झालं. हे आपण सगळ्यांनी बघितलंय. विश्रामबागच्या चौकात टू-व्हीलरची धडक झाली की टपरीवरचा माणूस सांगतो, हा असा आला, मान वळवून मोबाईलवर बोलत होता, तेवढ्यात रिक्षा अशी वळली. सांगताना तो घडीभर टू-व्हीलरवाला होतो, घडीभर रिक्षावाला होतो, पण रडत नाही, रक्तबंबाळ होत नाही, आणि चूक कुणाची यावर त्याचं मत असतं, ते तुम्हाला कळतं. ही सगळी तंत्रं त्याला कुणी शिकवलेली नसतात.

तालमीत हे असं करा. प्रत्येकानं आपले संवाद दोन दिवस तृतीय पुरुषात आणि भूतकाळात बोलायचे, रंगसूचनांसकट. "तो दारात थांबला, चप्पल काढायची का नाही ते त्याला कळेना, आणि तो म्हणाला, भाऊ मला पैसे नकोत." असं बोललं की नट आणि पात्र यांच्यात बोटभर फट पडते आणि त्या फटीतनं नटाचं स्वतःचं मत दिसायला लागतं. आपल्या कीर्तनकाराला हे नवीन नाही, तो उभ्या उभ्या सुदामा होतो आणि पुढच्याच वाक्याला परत बुवा होतो. तमाशातला सोंगाड्या राजाशी बोलता बोलता समोर बसलेल्या लोकांशी बोलतो आणि परत वगात शिरतो. वाळवा तालुका तर पठ्ठे बापूरावांचा आणि अण्णाभाऊ साठ्यांचा, एकाचं गाव रेठरे हरणाक्ष, दुसऱ्याचं वाटेगाव. अण्णाभाऊंनी तमाशाचा तोच ढाचा घेऊन लोकनाट्यातनं कामगारांचे प्रश्न मांडले. गावातल्या जत्रेत अजून तमाशा उभा राहत असेल तर जाऊन बघा, सोंगाड्या कुठल्या क्षणी लोकांकडं वळतो ते मोजा, वहीत लिहा.

काढून टाकणं, आणि एक धोक्याची जागा

पोलंडचा दिग्दर्शक ग्रोटोव्स्की, त्यानं १९५९ पासून ओपोले नावाच्या छोट्या शहरात हे शोधलं की नाटकातनं काय काय काढलं तरी नाटक उरतं. सेट काढा, मेकअप काढा, लायटिंग काढा, रेकॉर्डेड संगीत काढा, शेवटी नट आणि बघणारा उरतो आणि त्यांच्यात जे होतं ते काढता येत नाही. छोट्या ग्रुपला यातनं पैशाची बचत होते हे खरं, पण त्याचं कारण पैसा नव्हतं. सगळं काढलं की नटाला लपायला जागा राहत नाही. कोलकात्याचे नाटककार बादल सरकार, जे नोकरीनं टाऊन प्लॅनर होते, त्यांनी स्टेजच सोडून दिलं आणि अंगणात, मैदानात, खेड्यात जाऊन नाटकं केली, प्रेक्षक चारी बाजूंनी. मुंबईत सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये तर प्रायोगिक नाटकाची एक अख्खी चळवळ उभी राहिली. तुम्ही एकदा तुमचा सीन चारी बाजूंनी माणसं बसवून करून बघा, पाठ कुणाकडं करायची हा प्रश्नच उरत नाही, पाठीनंसुद्धा अभिनय करावा लागतो.

आता धोका. ही सगळी खोलवर जाणारी कामं अर्धवट वाचून काहीजण नटाचं खासगी दुःख उकरायला लागतात. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका शिबिरात होतो, तिथं शिकवणाऱ्यानं एका मुलीला सगळ्यांसमोर तिच्या वारलेल्या वडिलांबद्दल विचारत विचारत इतकं रडवलं की तिला श्वास घेता येईना, आणि मग तो म्हणाला, हां, आता संवाद म्हण. आम्ही सगळे गप्प बसलो. ती दुसऱ्या दिवशी आली नाही आणि नंतर कधीच नाटकात दिसली नाही. आम्ही गप्प बसलो याचं अजून लागतं. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, स्वतःचं दुःख आणायचं का नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं, कुणी विचारायचं नाही, आणि कुणीही कधीही "थांब" म्हटलं की सगळं तिथंच थांबतं, का थांबवलं ते कुणी विचारायचं नाही. मुलींच्या अंगाला हात लावायचा सीन असेल तर कुठं, कसा, ते आधी बोलून ठरवायचं आणि रोज तसंच करायचं. दिग्दर्शक कितीही मोठा असला तरी हा नियम त्यालाही लागू.

प्रेक्षकाला उठवायचं असेल तर

ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगुस्तो बोआल पेरूमध्ये १९७३ साली साक्षरतेच्या कामात होते, तिथं प्रेक्षकांनी सूचना द्यायच्या आणि नटांनी त्या करून दाखवायच्या असं चाललं होतं. एका बाईला नट करतायत ते पटेना, तिला म्हणायचं होतं ते कुणाला नीट दाखवता येईना, शेवटी तीच उठून स्टेजवर आली. त्यातनं फोरम थिएटर तयार झालं, म्हणजे प्रेक्षकानंच उठून पात्राच्या जागी यायचं असं नाटक. आम्ही हे महापुरावर केलं, आणि सहा आठवडे कुठल्या एका गोष्टीसाठी घालवावेत असं मला विचाराल तर मी हे सांगेन.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. नदीकाठच्या घराघरात एक प्रसंग घडला होता, घरातला म्हातारा माणूस निघायला तयार नव्हता, कारण २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती आणि पाणी त्याच्या वर येणार नाही अशी त्याची खात्री होती. आम्ही तोच सीन घेतला, बारा मिनिटांचा. घरात सासरा, मुलगा, सून आणि तान्हं बाळ. सुनेला पाणी चढताना दिसतंय, पण घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. सीन वाईट ठिकाणी संपतो, पाणी दारात, वीज गेलेली, आणि सगळे अजून आत.

एकदा सगळा सीन करायचा. मग सूत्रधार पुढं येऊन म्हणतो, आता परत करतो, सुनेनं इथं वेगळं काहीतरी करायला पाहिजे होतं असं जिथं वाटेल तिथं "थांबा" म्हणा आणि तिच्या जागी या. फक्त तिच्या जागी. सासऱ्याच्या जागी कुणी यायचं नाही, नाहीतर लगेच एक शहाणा सासरा तयार होतो आणि प्रश्नच संपतो. बाकीच्या नटांनी भूमिका सोडायची नाही, सहज हार मानायची नाही, खऱ्या घरात जेवढा विरोध होतो तेवढा करायचा. प्रत्येक वेळी सूत्रधारानं लोकांना विचारायचं, असं होईल का? बरोबर-चूक स्वतः सांगायचं नाही.

पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात शाळेच्या पटांगणात प्रयोग होता. जायच्या आधी शिक्षकांना आणि सरपंचांना भेटून विचारलं होतं, पुरात कुणाच्या घरचं माणूस गेलंय का, त्यांना हे बघायला चालेल का, हे विचारल्याशिवाय असला विषय करू नका. पहिला अर्धा तास पुरुषच "थांबा" म्हणत होते, येऊन सासऱ्याशी मोठ्यानं भांडायचे, आणि आमचा सासरा झालेला नट प्रत्येकाला गप्प करायचा. मग मागच्या बाजूनं एक साठीच्या आसपासची बाई उठली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुनेच्या जागी येऊन उभी राहिली. ती सासऱ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं कोनाड्यातनं त्याच्या औषधाची पिशवी उचलली, मग त्याचा चष्मा, मग कागदाची ट्रंक, एकेक नेऊन पटांगणाच्या कडेला ठेवलं, बाळ काखेत घेतलं आणि जाऊन तिथंच बसली. सासरा खाटेवरनं बघत राहिला. ती तिथनंच म्हणाली, "गोळी संध्याकाळी आठची हाय, आठला या." सगळं पटांगण एक क्षण गप्प झालं आणि मग बायकांमध्ये जे बोलणं सुरू झालं ते साडेदहापर्यंत थांबलं नाही. आमचा नट मला नंतर म्हणाला, दादा, मला उठावंच लागलं, मी ठरवलं नव्हतं.

त्या बाईनं जे केलं त्यात भरलेली घागर होती, ऐकणं होतं, सगळं होतं. आणि आमच्या बाजूनं बघाल तर सासरा करणाऱ्या नटाला स्तानिस्लावस्कीची मदत झाली, तो खलनायक नव्हता, भिंतीवरच्या खुणेवर त्याचा खरंच विश्वास होता. सूत्रधाराला ब्रेख्तची, सोंगाड्याची. प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवरचं सामान म्हणाल तर एक खाट, एक ट्रंक, एक पिशवी, ती ग्रोटोव्स्कीनं सांगितल्यासारखी. कुठलं हत्यार कुणी घ्यायचं ते त्या पटांगणात कोण बसणार आहे यावरनं ठरलं होतं.

बाकीची कामं पटकन सांगतो. दुसऱ्याची संहिता असेल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या, तिकीट असो नसो. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. रस्त्यावर, चौकात करणार असाल तर पोलीस स्टेशनला आणि ग्रामपंचायतीला अर्ज द्या, जवळ दवाखाना किंवा परीक्षा चालू असलेली शाळा नाही ना ते बघा. उन्हाळ्यात प्रयोग सातनंतरच. पावसाळ्यात शेडमध्ये करायचा असेल तर पत्र्यावर पाऊस पडायला लागला की कुणाचाच आवाज पोचत नाही, त्यामुळं आवाज न करता करायची तालीम तेव्हा कामाला येते.

आणि प्रयोग झाला की लोकांना "कसं वाटलं" विचारू नका, सगळे छान म्हणतात. "तुम्हाला काय दिसलं" असं विचारा आणि ज्याचं नाव वहीत लिहिलं होतं त्या माणसाला तर नक्की विचारा. त्या पोराच्या आज्जीला आम्ही पहिल्या रांगेत बसवलं होतं. संपल्यावर तो तिच्याजवळ खाली बसला आणि मोठ्यानं विचारलं, आज्जी, काय दिसलं? ती म्हणाली, तो धाकटा भाऊ पैसे घेऊन गेला ना, तो परत येणार नव्हता, दारातच कळलं मला, त्यानं चपला घरातल्या बाजूला नव्हत्या काढल्या.

ही चपलेची गोष्ट आमच्या संहितेत नव्हती. नटानं ती चौथ्या आठवड्यात कधीतरी नकळत धरली होती आणि आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तालमीला आम्ही सगळ्यात आधी तीच वहीत लिहिली.